ऋण चढ

पद्मावतीकडून तळजाईकडे जाताना
पिठाच्या गिरणीपाशी सायकलवरून उतरावंच लागतं.
कॅरिअरवर इस्त्रीचं गाठोडं:
सतरा शर्ट, चार साड्या, कुणाची तरी शेरवानी,
वर घडी मोडायची नाही ही अट.
तेवीस वर्षं हा रस्ता मी पोटऱ्यांनी मोजलाय.

रात्रशाळेत खळदकर बाई म्हणाल्या,
दोन घरं पुढे, तीन घरं वर.
चढ म्हणजे तीन छेद दोन.
एवढंच?
एवढंच.

पुढची रेषा खाली घसरत होती.
मी म्हटलं, हा उतार.
बाई म्हणाल्या, इथे उतार नसतो, पारखेताई.
हाही चढच. ऋण चढ.
मागच्या बाकावरून गॅरेजवाला तौफिक म्हणाला,
आमच्याकडे तोच आहे, बाई, हप्त्यांचा.
वर्ग हसला. बाईही.

मला मात्र तो रस्ता दिसत होता.
सकाळी जो चढ,
तोच दुपारी रिकाम्या कॅरिअरनं उतार होतो की.
मग याच रेषेवरून परत आलं तर?

बाईंनी खडू माझ्या हातात दिला.
पाचाकडून दोनाकडे आले: उणे तीन.
तिनाकडून एकाकडे: उणे दोन.
उण्याला उण्यानं भागलं,
तीन छेद दोन.
पुन्हा करून पाहिलं. तीन छेद दोन.
रेषेला आपलं जाणं-येणं कळत नाही,
आपल्या पाठीवर काय आहे तेही.

सकाळी त्या नऊमजली बिल्डिंगमध्ये
लिफ्टवर तीच चिठ्ठी, फक्त रहिवाशांसाठी.
लिफ्ट म्हणजे उभी रेषा,
तिचा चढ ठरवताच येत नाही,
ते पुढच्या तासाला आहे.

मी जिन्याशी थांबले. आडवं उभं राहून नीट पाहिलं.
पहिला जिना डावीकडून उजवीकडे वर जातो. धन.
मग वळण.
दुसरा उजवीकडून डावीकडे.
वहीत काढला तर
डावीकडे उंच, उजवीकडे खाली.
ऋण.

काय हरवलं का ताई, वॉचमननं विचारलं.
नाही म्हटलं,
आणि गाठोडं डोक्यावर घेतलं.
धन, वळण, ऋण, वळण, धन.
पाचव्या मजल्यावर दम लागला,
तेव्हा मी ऋण चढावर होते
आणि वर चालले होते.