वजाबाकी

नलावडे मेट्रननी मला दहा मिनिटं दिलीत,
दोनची ड्यूटी बदलायच्या आधीची.
ऐरोली, तिसरा मजला, चादरींच्या खोलीशेजारी.
पंखा घरघरतोय, म्हणून आवाज चढवून बोलते.

मी कुणी तज्ज्ञ नाही.
रबाळ्याला एका कंपनीत पॅकिंगला होते,
पुष्कर झाल्यावर ते सुटलं.
हा पुष्कर. वय अकरा.
त्याच्याकडे बघून बोललात तरी चालेल, त्याला ऐकू येतं.
मान वळलेली असते
ती तुमचा कंटाळा आला म्हणून नव्हे.

'हो' म्हणायचं असलं की तो वर बघतो, छताकडे.
'नाही' असलं की डोळे मिटून घेतो.
मधे वेळ जातो.
घणसोली डेपोतून बस सुटायला लागतो तेवढा नाही,
पण तुमच्या हातात सुई असताना खूप वाटेल.
तेवढ्यात परत विचारू नका.
परत विचारलं की तो बिचारा
अर्ध्या वाटेवरून माघारी फिरतो
आणि पुन्हा पहिल्यापासून निघतो.

आणि दुखलं की तो हसतो.
सलाईन लावताना हसला
तर 'किती गोड' म्हणू नका.
सुई बघा.

लिहून नका घेऊ सगळं.
दुसऱ्या पोराला यातलं काही लागू पडायचं नाही.
त्याच्या आईला विचारा.
खरं तर आधी त्यालाच विचारा,
मी उगाच मधे आले.

तीन वर्षांमागे एका दवाखान्यात
(कुठल्या, ते राहू द्या)
काट्यावर उभा राहत नाही म्हणून
कागदावर लिहिलं : अंदाजे बावीस.
औषध बाविसाचं गेलं.
तो होता पंधराचा.
दोन दिवस झोपला माझा मुलगा.
मी बोटाने त्याची पापणी उचलून
आत 'हो' आहे का, बघत होते.

तेव्हापासून त्याला कडेवर घेऊन मीच काट्यावर चढते.
दोघांचं मिळून किती, ते बघायचं.
मग मी एकटी.
त्यातून मला वजा करायचं,
उरतो तो पुष्कर.
यंदा चढताना गुडघा म्हणाला, बाई, पुरे.
अन् हा तर वाढणारच, वाढायलाच हवा,
मग पुढल्या वर्षी कोण…

दाराशी सोनकांबळे मामा उभे होते, चादरींचा गठ्ठा घेऊन.
त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.
म्हणाले, खाली कोठीत तांदळाच्या पोत्यांचा काटा हाय,
जमिनीलगत, सपाट.
खुर्चीसकट चढवू की पोराला.
मेट्रन म्हणाल्या, तो कोठीचा आहे, त्याचं रजिस्टर वेगळं…
आणि मग गप्प झाल्या.

जिन्सी नावाची नवी सिस्टर, केरळची, मराठी अजून तुटक.
लिफ्टपाशी खाली वाकली. पुष्कर, जायचं?
लिफ्ट आली. दार उघडलं. दार मिटलं.
लिफ्ट आमच्याशिवाय गेली.
जिन्सीने परत विचारलं नाही.
मग पुष्करने वर बघितलं.

कोठीत कांद्याचा वास. मामांनी पोती सरकवली,
खुर्ची काट्यावर चढवली.
अडतीस चारशे. रिकामी खुर्ची आधीच तोलली होती, सतरा.
एकवीस किलो चारशे ग्रॅम,
जिन्सीने तळहातावर लिहून घेतलं.
खुर्ची वजा झाली.
मी बाजूला उभी.
हात कुठे ठेवायचे, कळेना,
एका पोत्यावर टेकले.

तेवढ्यात पुष्कर हसला.
मामा हसले, मेट्रनही हसल्या,
बघा, खूश झाला!
जिन्सी तेवढी हसली नाही.
गुडघ्यावर बसून तिने त्याचा शर्ट वर केला, पट्टा चाचपला.
बक्कल मांडीत रुतलं होतं.