पान अठरा

अहवालात सतराव्या पानावर कर्मचारी आहेत,
एकोणिसाव्यावर पर्यावरण.
मधल्या पानावर धुक्यातलं एक तळं,
विकत घेतलेला फोटो,
बहुधा दुसऱ्याच देशातला.

मला सांगितलं होतं, ओउलूला जा,
माणसं भेट, दोन-चार वाक्यं आण,
चेहरे हसरे असू देत.
म्हणून जानेवारीतल्या पहाटे चार वाजता
उणे बावीसमध्ये, उसन्या बुटांत,
मी धावपट्टीच्या कडेला उभा.

वर पाळण्यात हिल्क्का रौतिओ,
वय अठ्ठावन्न.
तिच्या नळीतून ऐंशी अंशांचा नारिंगी पाक
पंखावर पडतो, वाफ उठते,
आणि बर्फ निघत जातो
उकडलेल्या बटाट्याच्या सालासारखा.
आतले प्रवासी खिडकीतून फोटो काढतात.
त्यांना वाटतं, विमानाला अंघोळ घालताहेत.
वाटू दे. तशी अंघोळच ती.
अंघोळ झाल्यावर मोरीला कोण विचारतं?

खाली उतरून तिने मास्क काढला,
आधी खोकली, मग नाव सांगितलं.
मास्कची गाळणी पूर्वी दर आठवड्याला यायची.
आता महिन्याला एक.
‘काटकसर,’ ती म्हणाली, आणि थर्मासच्या झाकणात
मला कॉफी ओतून दिली. झाकण एकच होतं.

हा पाक विषारी नाही, असं कंपनी म्हणते.
खोटं नाही ते. गोड असतो, चिकट.
ओढ्यातले जंतू तो आवडीने खातात
आणि खाता खाता
पाण्यातला सगळा श्वास संपवतात.
एप्रिलमध्ये बर्फ वितळला की ओढ्याला वास सुटतो
आणि हिल्क्काचा नवरा गळ परत माळ्यावर ठेवतो.
वापरलेला पाक टाकीत जायला हवा.
जात नाही.
पाणी कुठे मुरतंय, हे तिला पक्कं ठाऊक आहे:
तीन नंबरच्या टाकीची झडप गोठते.

डिसेंबरात ती झडप उघडायला वारसामे खाली वाकला.
चोवीस वर्षांचा पोरगा, मोगादिशूत जन्मलेला.
हातमोज्यांनी पकड बसेना, म्हणून त्याने ते काढले.
झडप उघडली नाही.
टाकी भरून वाहिली, रात्रभर, ओढ्याकडे.
वारसामेच्या दोन बोटांची टोकं
आधी पांढरी झाली, नंतर काळी.

हिल्क्काने फॉर्म भरला.
फॉर्म विचारतो: हानी कोणाची?
एकाच चौकटीत खूण करा.
कर्मचारी. पर्यावरण.
तिने दोन्ही चौकटी जोडणारी एक रेघ ओढली
आणि खाली लिहिलं, झडप.

एका विभागाने कळवलं, ओढा आमच्याकडे येत नाही.
दुसऱ्याने कळवलं, बोटं आमच्याकडे येत नाहीत.
दोघांनीही फॉर्म परत पाठवला. शेरा: अपूर्ण.
‘हात झटकले,’ मी म्हणालो.
‘हो,’ ती म्हणाली. ‘वारसामेला अजून झटकता येत नाहीत.
बँडेज आहे.’

मग तिला पुढच्या विमानासाठी हाक आली.
माझ्याच.

मी खिडकीशी बसलो.
पाळणा वर आला, आत ती,
मास्क लावलेली, म्हणजे हसरी की कशी, कळायला मार्ग नाही.
काचेवरून नारिंगी ओघळ खाली गेले.
मी त्यांच्यामागे बघत राहिलो, जिथवर दिसलं तिथवर.
नंतर विमान वळलं
आणि सुखरूप उडालं, अर्थातच.
ते तिचं काम आहे आणि ती ते चोख करते.

अहवाल सोमवारी द्यायचा होता.
आज गुरुवार.
सतरावं पान झालंय, एकोणिसावंही,
दोन्हींत ‘कटिबद्ध’ हा शब्द आहे, मीच लिहिलेला.
अठराव्यावरचं तळं मी काढून टाकलं.
तिथे आता एक झडप आहे, तीन नंबरच्या टाकीची,
किंमत एकशे चाळीस युरो,
हिल्क्काने दुकानात विचारून ठेवलेली.
साहेबांचा निरोप आलाय:
हे नेमकं कुठल्या विभागात मोडतं?