पितळेचं कार्ड

लेथच्या वर, खिळ्याला ही जी पितळेची पट्टी आहे,
कार्डाच्या मापाची, दोन मिलीमीटर जाड,
तिच्याविषयी नवा पोरगा आला की विचारतोच.
सांगतो. लाज आता झिजली,
धार गेलेल्या टूलासारखी.

उद्यमनगरात एकतीस वर्षं मी टर्नर.
माझ्या हातचा बुश शाफ्टवर बसला
की वारासुद्धा विचारून आत जातो.
पण बँकेतल्या पोरीनं कॉम्प्युटरात बघितलं, म्हणाली,
काका, तुमचा सिबिलच नाही.
वाईट आहे काय? विचारलं.
वाईट नाही. नाहीच.
एकतीस वर्षं रोखीनं जगलो, कुणाची बाकी ठेवली नाही,
तर मी नव्हतोच म्हणे कुठं.

आणि नवव्या दिवशी फोन. बाई गोड.
"रावसो बाळगोंडा खोत सर बोलताय ना?"
सर! आमच्यात सर म्हणजे शाळेतला.
कार्ड मंजूर. लिमिट एक लाख. आयुष्यभर फुकट.
फक्त फाइलचा चार्ज आधी, चौदाशे नव्याण्णव.
ह्या 'आधी'चं मला काही वावगं वाटलं नाही.
मी पण विसार घेतो की. विसाराशिवाय
कास्टिंगला हात लावत नाही.
म्हटलं, त्यांचाही एखादा लेथ असेल कुठंतरी.

मग फोटो आला. निळं कार्ड,
त्यावर चंदेरी अक्षरात माझं अख्खं नाव.
मी पंचानं नंबर ठोकणारा माणूस,
अक्षर किती खोल गेलंय ते बोटानं बघतो.
फोटोवर बोट फिरवलं
तर नाव नुसतं मोठं झालं.
तिथंच कळायला पाहिजे होतं.
तिथंच तर मी गेलो.

जीएसटी, तेवीसशे साठ.
विमा, चार हजार नऊशे नव्याण्णव, रिफंडेबल.
रिफंडेबल म्हणताना तिचा आवाज असा खाली यायचा
जसं काही आमच्यातलंच गुपित.
शनिवारी दुपारी लावला तर
हा नंबर अस्तित्वात नाही, यंत्रातली बाई म्हणाली.
म्हणजे तोही माझ्यासारखाच.

शालनला सोमवारी सांगितलं. सुट्टी.
मशीन बंद, आवाज लपवायला काही नव्हतं.
ती भाकरी थापत होती, थापतच राहिली.
तव्यावर टाकून मग म्हणाली,
"नाव तरी बरोबर छापलं होतं काय?"
व्हय म्हटलं. बाळगोंडा सुद्धा.

एसपी ऑफिसात सायबरचा हवालदार
माझ्या धाकट्याच्या वयाचा.
"कुणी जबरदस्ती केली? ओटीपी दिला?"
नाही. मीच पाठवले. तीन वेळा. मोजून.
टाइप करता करता तो हसला नाही,
एवढे उपकार आहेत.
म्हणाला, एकोणीसशे तीसला पहिल्या तासात फोन केला असता
तर पैसे वाटेत अडवता आले असते.
पहिला तास!
पहिले दोन दिवस तर मी पाकिटात
कार्डाला जागा करत होतो.

महिन्यानं परत फोन. ह्या वेळी पुरुष.
तुमचे पैसे सापडलेत सर,
सोडवायचा चार्ज नऊशे नव्याण्णव, आधी.
मी मोबाईल टेलस्टॉकवर ठेवला
आणि बिडाच्या पुलीवर खरबरीत कट घेतला,
चांगली पाच मिनिटं.
ऐक म्हटलं. ह्या आवाजाचे
मला तासाला एकशे ऐंशी मिळतात.

त्याच दिवशी ही पट्टी कापली.
१४९९. २३६०. ४९९९.
नाव नाही घातलं. आकडे ठोकले, खोल,
लाइट गेली तरी बोटाला वाचता यावेत असे.

काल तौसिफ, आमचा नवा हेल्पर,
मोबाईल छातीशी दाबून दारातनं आत आला.
"मामा," हळूच म्हणाला,
"रिफंडेबल म्हणजे काय वो?"

मी स्विच मारला.
चक लगेच थांबत नाही.
फिरत राहतो थोडा वेळ.