लाल, पण मुकं

तीन वाजून सतरा मिनिटांनी विल्सांदीचा टॉवर पडला.
भिंतीवरच्या स्क्रीनवर एक ओळ लाल झाली
आणि मूग गिळून बसली.
मी पाठमोरी, कॉफी गाळत होते.

चारला एंडेल म्हाताऱ्याचा फोन:
"माझा रेडिओ अर्ध्या वाक्यात थांबलाय गं.
तुमच्याकडे घंटा वाजते म्हणे?"

टॉवर उठवला. सहा मिनिटांचं काम.
मग लागले घंटेच्या मागे.

स्पीकरची वायर काढली, घातली.
आवाजाची पट्टी शंभरावर.
त्याच स्पीकरवर बातम्या लावल्या,
कुणीतरी हेरिंगचा भाव सांगत होतं, खणखणीत.
अलार्मची फाईल उघडली:
तोनिसनं बंदरावर रेकॉर्ड केलेली जुन्या होडीची घंटा,
शेवटी त्याची शिंकसुद्धा शाबूत.
माझ्या लॅपटॉपवर तेच पान, तेच सेटिंग, वाजतं.
भिंतीवर नाही.

पहाटे पाचला, ब्राउझरच्या पोटात,
एक पिवळी ओळ सापडली. तिचा अर्थ साधारण असा:
या पानाला अजून कुणी हात लावलेला नाही,
म्हणून आवाज अडवला आहे.

मंगळवारी वादळात वीज गेली होती.
यंत्र आपलं आपण उठलं, पान आपलं आपण उघडलं,
आणि चार दिवस
आम्ही येता-जाता त्याच्याकडे नुसतं बघत होतो.
माऊस तर मारिकानं केव्हाच ड्रॉवरमध्ये टाकलेला.

नियम चुकीचा नाही.
जाहिराती न विचारता किंचाळायच्या,
तेव्हा ठरलं, स्पर्श झाल्याशिवाय पानानं तोंड उघडायचं नाही.
सुक्याबरोबर ओलंही जळतं,
इतकंच.

माऊस जोडला.
बटणावर नाही, कडेच्या रिकाम्या करड्या जागेत
एकदा क्लिक केलं.
काहीच झालं नाही.
मग स्वयंपाकघरातल्या स्विचची केबल उपटली
आणि घंटा अशी वाजली
की सोफ्यावरचा तोनिस अनवाणी दारापर्यंत धावला.

कायमची परवानगी सेटिंगमध्ये देता येते,
ते सकाळी मारिका करेल.
तोवर स्क्रीनच्या कडेला चिठ्ठी चिकटवली:
वीज जाऊन आली की एकदा हात लावावा.

सहाला निघताना पाहिलं,
खाली तोनिसच्या अक्षरात:
कुणाला?