दोन्ही बाजूंची कोरी जागा

दम्माममध्ये रात्री पावणेदोनला
लेझर प्रिंटरनं एक्केचाळिसावं लेबल बाहेर टाकलं
आणि त्यावर पुन्हा तेच: रेघा नाहीत,
नुसते आकडे, पुढे-मागे एकेक तारा,
कुण्या कारकुनानं कंटाळून टाइप केल्यासारखे.

मेनफ्रेम रियाधला, चारशे किलोमीटरवर,
काचेच्या थंडगार खोलीत.
तिला विचारलं तर म्हणते, पाठवलं.
प्रिंटर म्हणतो, मिळालं ते छापलं.
दोघंही खरंच बोलत असतात,
सोयरीक मोडताना दोन्हीकडचे बोलतात तसं.

मुबीन पावसकर, राजापूरचा,
वॉचमन नाही, स्टोअरकीपर
(हा फरक तो दर वेळी स्वतः सांगतो),
स्टुलावरून विचारतो, "बंद करून चालू करू काय?"
तीनदा केलं होतं.
बाहेर येमेनी ड्रायव्हर हॉर्न वाजवत नव्हता,
इंजिन मात्र बंद करत नव्हता;
इन्सुलिनसाठी मागची पेटी गार ठेवायची होती.

मी मधल्या डब्याचं झाकण काढलं.
मेनफ्रेमची भाषा प्रिंटरला समजावणारा हा दुभाष्या,
जेवणाच्या डब्याएवढा, धुळीनं खाकी झालेला.
त्याच्या तक्त्यावरून बोट फिरवत गेलो
आणि दोन-सातच्या घरात थांबलो.

गेल्या मंगळवारी कुणीतरी अरबी बसवली होती,
गिऱ्हाइकांची नावं नीट यावीत म्हणून.
त्या घरात पूर्वी एक खूण राहायची,
कागदावर कधीच न उमटणारी,
"अक्षरं पुरे, आता रेघा काढ" एवढंच सांगणारी.
ती गेली, कुणाला कळलंही नाही.
चूक कुणाची म्हणावी?
नावं आता खरंच सुंदर येतात.

खूण परत बसवली. रेघा आल्या,
काळ्याभोर, जाड, बारीक, जाड.
मुबीननं स्कॅनर रोखला. लाल उजेड पडला.
काही नाही.
टोनर फिका केला, कागद बदलला,
देवाचं नाव घेतलं, दोघांनी आपापल्या.
काही नाही.

मग दिसलं, पहिली रेघ
अगदी कागदाच्या काठाला टेकली होती.
यंत्राला आधी पांढरं लागतं,
पाव इंच, जिथं काहीच लिहिलेलं नाही.
त्याशिवाय त्याला कळत नाही
की बोलणं सुरू झालंय.

मुबीन म्हणाला, "घरी फोन लावला की असंच.
हॅलो म्हटलं की ती मधली गप्प वेळ येते.
पयल्यांदा मी तिच्यातच बोलत सुटायचो.
आमची फरजाना म्हणाली, अब्बा, जरा थांबत जा,
तुमचं पयलं वाक्य हितं कधी येतच नाय."

सहा कॉलम उजवीकडे सरकवलं.
टिट्.
आम्ही एकमेकांकडे बघितलंसुद्धा नाही.
तीनशे बारा पेट्या होत्या.

अजान व्हायच्या आत ट्रक गेला.
बाद लेबलांतलं एक सोलून
मुबीननं आपल्या थर्मासला चिकटवलं,
अंगठ्यानं नीट दाबलं, म्हणाला,
"ह्येला कोण वाचू शकत नाय. बरंय."