कूलर बंद

मे महिना, दुपारचे तीन, नंदनवन.
मी कूलर बंद करतो. पंखाही.
रत्नमाला दारातून बघते,
"येडे झाले का जी? सेहेचाळीस हाय बाहेर."
असू दे. काट्याला वारा चालत नाही.
खसातून आलेली एवढीशी झुळूकसुद्धा
पारड्यात बसते
आणि स्वतःचं वजन सांगते.

तेहेतीस वर्षं वजनमापे खात्यात काढली.
इतवारीतले सोनारांचे काटे, कळमन्याचे भुईकाटे,
गोकुळपेठेत पारड्याच्या पोटाला
आतून चिकटवलेली चिंच,
सगळं उलटंपालटं करून पाहिलं, शिक्का मारला, पुढे गेलो.
आता या टेबलावर
शिक्का मारायला कुणी येत नाही.
परवाना भिंतीवर आहे, पण तो माझ्या हाताचं काही सांगत नाही.
एक ग्रेन म्हणजे अर्धी गुंज, किंचित वर.
त्या किंचितसाठी मी श्वास धरतो.

पुंगळ्या रात्रीच चिंचेच्या पाण्यातून काढल्या,
समईसोबत. त्यावरून भांडण झालं.
"तुमचं ते आन् माझा देव
एका घमेल्यात नाही चालायचा."
मग माझं घमेलं वेगळं झालं, नळाजवळ, तुळशीपासून लांब.
पितळ दोन्हीकडचं सारखंच उजळलं.

एकेक पुंगळी नखानं चाचपतो.
हिच्या मानेवर केसाएवढी चीर:
भंगारात.
हिला काही नाही, पण मला शंका:
भंगारात.
बारापात्रे हसतो माझ्यावर.
"तुमच्या घरी दारूसुद्धा मोजूनच!"
त्याला बाजारातली गोळी पुरते.
त्याचे नेमही माझ्यापेक्षा बरे, हे लिहून ठेवायला हवं.

घाम कपाळावरून भुवईत येतो.
पुसायला हात वर नेला की काटा हलतो.
थांबतो मी.
आणि दर वेळी, इथेच, याच थांबण्यात
भिवापूर रोडचा तो सातरा येतो.

असाच मे होता. मिरचीची रास,
ठसक्यानं भरलेला मांडव,
देठ खुडणाऱ्या बाया ओळीनं बसलेल्या.
किलोमागे मजुरी.
काटा किलोमागे वीसेक ग्रॅम कमी दाखवत होता. मला कळलं.
पाकीट कुणी दिलं नाही. कुणी चहासुद्धा विचारला नाही.
ऊन होतं, बस.
उघडायचा, जप्त करायचा, पंचनामा, दोन साक्षीदार,
आणि घरी कूलर भरून ठेवलेला.
लाल बोटांची एक बाई उठून जवळ आली.
"बरोबर हाय ना, साहेब?"
मी म्हणालो, बरोबर.
शिक्क्याचा ठोका वाजला.
तिनं लुगड्याला हात पुसले आणि परत जाऊन बसली.

वीस ग्रॅम म्हणजे तीनशे ग्रेन, वर आठ-नऊ.
आता येतो हिशेब.

रविवारी पहाटे हिंगण्याच्या पुढची रेंज.
टेकडी अजून गार, टिटवी ओरडून गेलेली.
मी भरलेल्या दहा, मी मोजलेल्या दहा.
नऊ भोकं एका रुपयाखाली झाकता येतील,
दहावं दोन बोटं डावीकडे.
बारापात्रे दुर्बिणीतून बघतो, म्हणतो, "वारा होता."
पान हललं नव्हतं.
मी कागद काढतो, घडी घालतो,
तारीख टाकतो, शेवटी एक शब्द लिहितो: मी.
एरवी असा शेरा मी कुठल्याच रजिस्टरात लिहिला नाही.

घरी रत्नमाला विचारते, "मग? लागले का?"
कागद दाखवतो. ती त्या एकट्या भोकातून
माझ्याकडे बघते, एक डोळा मिटून.
"एवढं काय तोंड पाडता? कागदच तं हाय."
आणि कूलर लावते.
टेबलावर काटा थरथरू लागतो,
पारडी रिकामी, तरी
शून्यावर काही येत नाही.