तिसऱ्या गाण्यानंतर

शनिवारी दुकानात मी एकटीच असते.
मालक रँडल नदीवर गळ टाकून बसलेला,
आणि पाइकव्हिलच्या या उतरत्या रस्त्यावर
रेकॉर्डी घेणारे दिवसाला सहा, फार तर सात.
मला गाण्यातलं कळतं म्हणून नाही,
घर खायला उठतं म्हणून येते.

त्या आठवड्यात खोकी आली:
ऑर्विल टॅकेटचा आर्मरीतला कार्यक्रम, सन चौऱ्याहत्तर,
पन्नास वर्षांनी पुन्हा काढलेला.
जाड तबकडी, हाताला वजन लागणारी,
मूळ फितीवरून, कुठेही कात्री न लावता,
असं वरच्या चिठ्ठीवर.
मुखपृष्ठावर टॅकेटची टोपी,
टॅकेट टोपीच्या सावलीत.

व्हर्लीन स्टिडहॅम काठी टेकत आली,
औषधांची पिशवी मनगटाला.
म्हणाली, विकत नकोय. वाजवून दाखव.
गाणी नकोत, नाकात गातो मेला.
तिसरं संपलं की सुई ठेव,
चौथं सुरू व्हायच्या आत उचल.

मी ठेवली.
भलत्याच गाण्याचं शेपूट हाती आलं.
या खेपेला सगळं त्या रात्रीच्या क्रमाने लावलेलं,
जुनं तिसरं कुठे जाऊन बसलंय कोण जाणे.
आम्ही दोघी चष्मे सावरून
काळ्या रेघांमधल्या चकाकत्या फटी तपासत राहिलो,
स्वेटरचा सुटलेला टाका शोधावा तशा.
दुसऱ्या बाजूला, सातवं.

टॅकेट घसा खाकरतो. म्हणतो,
थेट पाळीवरून, तोंडही न धुता
आलंय का इथं कुणी?
आणि मागून, पार मागून, दारापाशी असणार,
एक जण कुकारा घालतो.
कुकाराच. दुसरा शब्द माझ्याकडे नाही.
राजूरच्या वरच्या अंगाला गुराखी
समोरच्या डोंगरावर घालतात तसा,
शेवटाला वर उचललेला.

डॉयल, ती म्हणाली. माझा भाऊ.
बाकी काही सांगितलं नाही.
या गावात खाणीत उतरणाऱ्या भावाबद्दल
बाकीचं कुणी विचारतही नाही.

जुन्या रेकॉर्डवर इथेच आवाज विझत जायचा.
तिला ते पाठ होतं.
ती उठायलाही लागली, काठी अर्धी पुढे,
माझा हात सुईपाशी.
पण फीत चालूच राहिली.
कुकाऱ्याला लगटून एक हसू आलं,
पोरीचं, ओठ दाबूनही फुटलेलं,
आणि मागोमाग: खाली बस, गाढवा, लोक बघतायत.

ही कोण आगाऊ, व्हर्लीन म्हणाली.
मग काठी पडली.

टॅकेट पुढचं गायला लागला, नाकातूनच.
आम्ही त्याला गाऊ दिलं.
बाजू संपली, सुई मधल्या रिकाम्या जागेत
खुर्र खुर्र करत फिरत राहिली.
असा होता माझा आवाज?
तिने मला विचारलं. मला,
जी तेव्हा जन्मलेही नव्हते.
हो, मी म्हटलं. असाच होता.

चौतीस डॉलर.
तिच्याकडे वाजवायचं यंत्र नाही, पुरात गेलं.
तरी घेतली. एकेकाच्या नोटा
अंगठ्याला थुंकी लावून मोजल्या,
चिल्लर माझ्याकडून दोनदा मोजून घेतली,
आणि रेकॉर्ड माझ्याकडेच सरकवली.
इथेच राहू दे. येईन शनिवारी.

रँडलला मी सांगितलेलं नाही.
गल्ल्यामागे पावत्यांच्या फायलीत ती उभी आहे.
परवा लेक्सिंग्टनचा एक दाढीवाला
शेवटची प्रत म्हणून पन्नास द्यायला तयार होता.
पाकिटावर मी चिठ्ठी डकवलीय,
मराठीत, म्हणजे कुणाच्या अध्यात ना मध्यात:
विकलेली आहे.
सातव्यानंतर.
हसू संपेपर्यंत हात लावू नये.